सूखारच्या विहिरीपासून केडगावपर्यंत

१९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात एक अख्खं मराठी बायबल छापून पुरं झालं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून ते मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीच गेल्या होत्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मिशनमधल्या बायका-मुलींनी केली होती. त्यांतल्या कित्येकींना दुष्काळानं घरातून उचलून केडगावात आणून टाकलं होतं. अक्षरओळखसुद्धा त्यांना तिथेच झाली. या बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आहे, जसा तो प्रत्येक बायबलात असतो. पण हा अध्याय रमाबाईंच्या आयुष्यात आला नसता, तर हे भाषांतर झालं नसतं आणि केडगावची ती वसाहतही बहुधा उभी राहिली नसती. म्हणून या एका अध्यायाचा माग काढावासा वाटतो.

ख्रिस्ती श्रद्धा पुढाकार घेणाऱ्या स्त्रीला वाट दाखवते, असं चर्चच्या महिला मेळाव्यांत नेहमी सांगितलं जातं. माझाही त्यावर विश्वास आहे. दबोरा, एस्तेर, रूथ यांची नावं घेतली जातात आणि व्याख्यान बहुतेकदा नम्रता आणि आज्ञापालनावर येऊन थांबतं. शोमरोनी स्त्रीचा हा चौथा अध्याय मराठी मुलखात कसा पोचला आणि इथे त्यानं काय केलं, हे पाहिलं की त्या व्याख्यानात एक मोठी गोष्ट राहून जाते हे कळतं.

आधी कथा. भर दुपारची वेळ. प्रवासानं थकलेला येशू सूखार गावाबाहेर याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शिष्य अन्न विकत आणायला गेले आहेत. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसे, आणि त्यातून ही बाई. तिचे पाच नवरे झाले आहेत आणि आता ज्याच्यापाशी ती राहते तो तिचा नवरा नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो ते बोलूनही दाखवतो, पण तेवढ्यावर तिची किंमत करत नाही. ती त्याला त्या काळचा सगळ्यांत वादाचा धर्मप्रश्न विचारते: देवाची उपासना करायची कुठे, आमच्या डोंगरावर की यरुशलेमात? तो तिला सविस्तर उत्तर देतो. खरी उपासना ना या डोंगराला बांधलेली, ना त्या नगराला. ती आत्म्यानं आणि खरेपणानं करायची असते. आणि आपण ख्रिस्त आहोत, हे तो या बाईला उघड सांगतो. परत आलेले शिष्य, हा एका बाईशी बोलतो आहे, हे पाहून चकित होतात. बाई घागर तिथेच टाकून गावात जाते, लोकांना बोलावते, आणि तिच्या शब्दावर गाव विहिरीकडे लोटतं.

पूर्वेकडच्या चर्चनं या बाईला फोतिनी हे नाव दिलं आणि प्रेषितांच्या बरोबरीचा मान दिला. आजच्या नाब्लुसमधल्या त्या विहिरीवर तिच्या नावाचं ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च उभं आहे. पश्चिमेकडे मात्र प्रवचनांत तिचे पाच नवरे वरचढ ठरले. तिनं विचारलेला प्रश्न आणि तिनं गावाला दिलेली हाक मागे पडली, आणि ती पश्चात्ताप करणारी पापिणी एवढीच उरली. बायकांनी मंडळीत गप्प राहावं, पुरुषावर अधिकार चालवू नये, ही पौलाच्या नावच्या पत्रांतली वचनं सतत हाताशी असत. त्याच पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस केली आहे, याचा उल्लेख फार कमी होई.

हा अध्याय बाईच्या बाजूनं ठामपणे वाचणारी एक स्त्री सतराव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगात बसली होती. मार्गारेट फेल ही क्वेकर पंथाची. लँकेस्टरच्या कैदेत असताना १६६६ मध्ये तिनं स्त्रियांच्या बोलण्याच्या हक्काचं समर्थन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि तिच्या पुराव्यांत शोमरोनी बाई आहे: येशूनं आपली ओळख इतक्या स्पष्टपणे या बाईला सांगितली, मग बाईनं बोलू नये हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? फेलपासून रमाबाईंपर्यंत सरळ धागा जात नाही. पण हेच वाचन, असंच एका अडवलेल्या बाईकडून, दोनशे वर्षांनी पुन्हा झालं.

इंग्लंडमधल्या वाँटेज गावी १८४८ साली विल्यम जॉन बटलर या पाळकानं सिस्टरांचा एक समाज सुरू केला. समाजानं टाकलेल्या स्त्रियांना आधार देणं हे या सिस्टरांचं आरंभापासूनचं काम. १८७७ मध्ये त्या पुण्यात आल्या, पंचहौदाच्या परिसरात राहिल्या, आणि पाचेक वर्षांनी त्यांची गाठ एका तरुण विधवेशी पडली.

ती विधवा कोण, हे वाचकाला माहीत आहे. तरी या मागोव्यापुरत्या दोन-तीन गोष्टी सांगायला हव्यात. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी पंडितांच्या सभेला तोंड दिलं. आई लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीनं गेले. भावाबरोबर पायी हिंडत ही मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेद ठेवला, तेव्हा बाईनं वेद कसा वाचायचा, म्हणून ती बिचकली होती. पुढे धर्मशास्त्रं वाचत गेली तसं तिच्या ध्यानात आलं की शास्त्रं एकमेकांशी शेकडो बाबतींत भांडतात, पण स्त्रीजात वाईट आणि तिला स्वतंत्रपणे मोक्ष नाही, या बाबतीत त्यांचा मेळ बसतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं तेही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणासाठीच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या.

वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं उद्धारगृह दाखवलं. रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत या भेटीची हकीकत आहे. वाट चुकलेल्या म्हणून ज्यांना जगानं टाकलं, त्या बायकांची मायेनं सेवा करणाऱ्या बायका त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. व्यभिचारी स्त्रीला राजानं भर लोकांत कुत्र्यांकडून खाववावं, ही स्मृतीतली शिक्षा त्यांना ठाऊक होती. सिस्टरांना हे सुचलं कुठून, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका सिस्टरनं योहानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखवला.

रमाबाईंनी त्यातून काय उचललं, हे नीट पाहण्यासारखं आहे. क्षमा त्यांना भावलीच. पण साक्षीत त्या ज्याच्यावर बोट ठेवतात ते उपासनेबद्दलचं संभाषण आहे: खऱ्या उपासनेतून ना पुरुष वगळलेला, ना स्त्री. वेदाला हात लावायला बिचकलेली ही पंडिता त्या विहिरीवरच्या बाईत काय पाहत असेल? धर्माचा प्रश्न थेट विचारणारी आणि कुणाच्या मध्यस्थीशिवाय थेट उत्तर मिळालेली एक स्त्री. सिस्टरांनी तो अध्याय करुणेचा धडा म्हणून वाचला असेल. रमाबाईंच्या हाती आला तो अधिकाराचा धडा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथून पुढची दोन-अडीच वर्षं मला सगळ्यांत मोलाची वाटतात, आणि नेमकी त्यांचीच चर्चा चर्चच्या व्यासपीठांवरून होत नाही. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डॉरोथिया बील यांच्याकडे शिकू लागल्या आणि तिथे संस्कृत शिकवूही लागल्या. तरुण इंग्रज पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली: यानं मायदेशी आपल्या लोकांत त्यांचं वजन कमी होईल. रमाबाई थक्क झाल्या. त्यांच्या आईनं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवलं, त्यांनी स्वतः शिकवलं; वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानं घेतली नाही. आणि आता ख्रिस्ती झाल्यावर ख्रिस्ती लोकांनी ती घ्यावी! आपल्या देशाचं वळण आपल्याला शिकवू पाहणाऱ्यांना त्यांनी पत्रांतून खडसावलं.

याच काळात त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी लांबलचक पत्रवाद चालला. येशूचं देवत्व, त्रैक्य, चर्चची परंपरा, अशा एकेका गोष्टीवर रमाबाई विचारत: हे शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. जेराल्डिनना हा अहंकार वाटे. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, तोही अहंकार. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत असावीत, हा हट्टही त्यातलाच. मनोरमेला काय शिकवायचं हेसुद्धा त्या सिस्टरांवर सोडायला तयार नव्हत्या. रमाबाईंनी कळवलं की मोठ्या कष्टानं पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवली आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. देवाची आज्ञा पाळायला आपण तयार आहोत. पण एखाद्या बिशपची इच्छा म्हणजे देवाची आज्ञा, हे आपल्याला पटत नाही. आपल्याला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे आणि निर्णय करण्याचा अधिकारही आहे.

जेराल्डिनची बाजू मी क्षुल्लक समजत नाही. तिनं या परक्या मायलेकींना घर दिलं, जीव लावला, रात्र रात्र काळजी केली असेल. आज्ञापालनाच्या शपथेवर तिचं आयुष्य उभं होतं; तिच्या लेखी देवापर्यंतचा रस्ता चर्चमधूनच जात होता. पण फुलहॅमला वाचलेला अध्याय दोघींनी सारखाच वाचला असता, तर हा वाद झालाच नसता. विहिरीवर येशू आणि ती बाई यांच्यामध्ये कुणी उभं नव्हतं, आणि रमाबाईंनी आपल्याही मध्ये कुणाला उभं राहू दिलं नाही. श्रद्धेनं त्यांना दिलेलं मार्गदर्शन हेच होतं, आणि त्याचा पहिला उपयोग त्यांनी श्रद्धा देणाऱ्यांशीच असहमत होण्यासाठी केला. महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली होती तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली; जोतीरावांना या बाईतली ही धमक दुरून कळली होती.

अमेरिकेतला काळ थोडक्यात सांगते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला रमाबाई हजर होत्या. पुढची दोन वर्षं त्या व्याख्यानं देत देशभर फिरल्या. दारूबंदीच्या चळवळीतल्या फ्रान्सिस विलर्डसारख्या स्त्रिया बायबल हाती घेऊन हजारोंच्या सभा चालवतात, निधी उभारतात, संघटना बांधतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई.

सदनात कुणाच्या धर्माला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत; मुली येऊन बसत. सदन पुण्याला हलल्यावर १८९३ मध्ये तिथे यावरून वादळ झालं. ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांसह सल्लागार मंडळानं राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा संशय अगदीच निराधार होता असं मी म्हणणार नाही. ज्या बाईच्या सगळ्या सामर्थ्याचं मूळ तिच्या प्रार्थनेत आहे, तिच्या उघड्या दारातून आत काय जाईल, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. दार लावा, असं सांगणाऱ्यांत त्यांच्या कामाचे मित्रही होते. त्यांनी ते लावलं नाही आणि त्याची पुरी किंमत मोजली: मराठी समाजानं त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांचं नाव बाजूला टाकलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या. अन्नावाचून आईबाप गमावलेल्या बाईला तिथल्या दुष्काळी छावण्यांत काय दिसलं असेल, हे सांगायला नको. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला घेतलेल्या जमिनीवर विहिरी खणल्या, शेती केली, इमारती उठवल्या आणि मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या वर गेली. विणकाम, दूधदुभतं, तेलघाणा, शाळा, छापखाना, सगळ्याचा कारभार बायकांच्या हाती होता. अंधांसाठी बार्तिमी सदन होतं. तिथे ब्रेल शिकवत. आणि समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. फुलहॅमला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असं दौंडच्या माळावर घर होऊन उभं राहिलं.

या कामात त्यांना सरकारच्या मेहरबानीची गरज होती. तरी १८९७ च्या प्लेगच्या धामधुमीत पुण्याच्या सरकारी छावण्यांत आणि इस्पितळांत बायकांची अब्रू सुरक्षित नाही, असं त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीरपणे लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. प्रकरण विलायतेपर्यंत गेलं. इंग्रजांचा धर्म घेतलेली बाई म्हणून ज्यांनी त्यांना हिणवलं, त्यांनी हे पत्र जरूर लक्षात ठेवावं.

१९०५ मध्ये मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण झालं, त्यात मुली मोठ्यानं प्रार्थना करत, रडत, गात. मग त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. घागर टाकून गावाकडे गेलेली ती बाई आता शेकड्यांनी चालू लागली होती. सहकारी मिनी एब्रम्स हिनं या जागरणावर लिहिलेली पुस्तिका तिच्या एका मैत्रिणीमार्फत चिलीला पोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या उगमाशी तिचं नाव जोडलं गेलं. दौंडजवळच्या अनाथ मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेत ऐकली गेली, याचा आपल्याला पत्ताही नसावा याचं मला वाईट वाटतं.

शेवटचं मोठं काम भाषांतराचं. उपलब्ध मराठी बायबल साध्या खेडवळ बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून पन्नाशीच्या आगेमागे त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या. कानांनी जवळजवळ दगा दिला होता, प्रकृती ढासळत होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी मुद्रितं तपासणं चालूच राहिलं, अगदी मरणापर्यंत. सिस्टरनं इंग्रजीतून वाचून दाखवलेला तो चौथा अध्याय त्यांनी मुळावरून स्वतः मराठीत आणला. बायबलाचा अर्थ लावण्याचा अधिकार कुणाचा, या चेल्टनहॅमच्या वादाला त्यांनी दिलेलं हे सगळ्यांत भरघोस उत्तर.

उणी बाजूही आहे. मुक्तीचा सगळा भार एका व्यक्तीवर होता. वारस म्हणून तयार केलेली मुलगी आधी गेली आणि रमाबाईंनंतर सूत्रं परदेशी मिशनरी बायकांकडे आली. शेकडो मुलींना हिंमत देणाऱ्या घरातून पुढची मराठी पुढारीण लगेच उभी राहिली नाही. मोठ्या माणसाच्या सावलीत असं होतं हे खरं, पण त्यामुळे नुकसान कमी होत नाही.

रमाबाईंनी पुरुषांना शिकवू नये म्हणणाऱ्या चर्चच्या मूळ घरात, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये, १९९४ मध्ये पहिल्या स्त्रियांना पाळकदीक्षा मिळाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली या स्त्रीची निवड जाहीर झाली. भारतात दक्षिण भारत चर्चनं १९७६ मध्ये पहिल्या स्त्रीला दीक्षा दिली. २०१३ मध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. उत्तर भारत चर्चमध्येही स्त्रियांना दीक्षा मिळते. कॅथलिक चर्चमध्ये हे दार अजून बंद आहे. आणि त्या इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात आता ३० एप्रिल हा दिवस पंडिता मेरी रमाबाईंच्या स्मरणाचा आहे.

त्या दिवशी वाचायला त्यांची साक्ष घ्यावीच. पण रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहारही महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली अ. भि. शहांच्या संपादनाखाली पुस्तकरूपानं प्रसिद्ध केला आहे. माझी मराठी मंडळ्यांतल्या महिला संघांना विनंती आहे: पुढच्या मेळाव्यात योहानाचा चौथा अध्याय वाचून झाला की या पुस्तकातली १८८५ ची पत्रं काढा, आणि तीही मोठ्यानं, सगळ्यांसमोर, पाळकांनाही बसवून वाचा.